काकूनं टावर चौकात घेतलेलं नाव

संक्रांतीच्या सुमारास उज्जैनचं ऊन मऊ होतं. उन्हाळ्यात पत्र्यासारखं तापणारं ऊन आणि हे, दोन्ही एकाच सूर्याची, यावर विश्वास बसत नाही. सकाळी क्षिप्रेवरचं धुकं उठून गल्ल्यांत शिरतं, दुपारी ओट्याओट्यांवर म्हाताऱ्या उन्हाकडे पाठ करून बसतात आणि हातगाडीवाला "हरे छोड" अशी आरोळी देत हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या विकत जातो. घरोघर तीळ भाजल्याचा खरपूस वास असतो. माळव्यात संक्रांतीला विटीदांडू खेळायचा रिवाज आहे, गिल्ली-डंडा म्हणतात इकडे. एरवी कोर्टात खाकरत बोलणारे वकीलसुद्धा धोतर खोचून रस्त्यात उतरतात, आणि विटी कुणाच्या खिडकीत गेली तरी त्या दिवशी कोणी रागवत नाही.

मला हा ऋतू फार आवडतो, आणि पुष्कळ वर्षं मी तो चुकवत आलो. भोपाळला नोकरी. दिवाळीला घरी येतो, उन्हाळ्यात येतो. संक्रांत ते रथसप्तमी मात्र काही ना काही काम काढतो. घरच्यांना वाटतं, सरकारी माणूस, रजा मिळत नसेल. मी कमी बोलतो, आणि कमी बोलणाऱ्याची एक सोय असते: लोक त्याच्या वतीनं कारणं शोधून देतात.

यंदा आलो. झालं असं, की मध्यंतरी भोपाळात व्हिएतनामच्या लढाईविरुद्ध एक मोर्चा निघाला. ऑफिसच्या खिडकीतून दिसत होता. शेजारच्या टेबलावरचे सक्सेनाजी चहाची कपबशी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "लड़ाई बंद हो, ये तो सब चाहते हैं, भाईसाब. पर निकाल कौन रहा है, ये देखो. इनके साथ दो कदम चले, तो समझो इनकी हर बात पर अंगूठा लगा दिया." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान हलेना. हेच वाक्य, थोड्या वेगळ्या शब्दांत, मी एकदा मराठीत बोललो होतो. आणि ज्या बाईला बोललो होतो ती अजून उज्जैनात आमच्या मागच्या खोलीत शिवणाचं मशीन चालवते आहे.

ती माझी काकू. केशवकाकाची बायको.

काका संस्थानच्या फौजेत होता. आमच्या घराण्यात तलवार कुणी धरलेली नाही; पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात बोरू चालवायला म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. काकाही फौजेत जाऊन हिशेबच लिहायचा. पण मोठ्या लढाईत ब्रह्मदेशाकडे तुकडी निघाली, तिच्याबरोबर हिशेबही गेले आणि काकाही गेला. पुढं तार आली. तारेत तो मेला असं नव्हतं. बेपत्ता असं होतं.

त्या एका शब्दानं काकूचं काय केलं हे कळायला आमच्या मराठी मंडळींचं हळदीकुंकू माहीत असावं लागतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींना बोलावतात. बोलावणारी बाई कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार फिरते आणि घरातल्या सवाष्णीच्या कपाळी कुंकू टेकवून सांगते, अमुक दिवशी या हं. विधवेला बोलावत नाहीत. आता माझी काकू कोण? तार म्हणते बेपत्ता. काकूच्या कपाळी कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, आणि दारात उभ्या बाईचा करंडा धरलेला हात आईच्या कपाळापाशी येऊन पुढं कुठं जायचं ते न कळून थबकायचा. हे काकूनं एकदाच पाहिलं. त्यानंतर दारात करंडेवाली दिसली की ती आतून ओरडायची, "वहिनी, दूध उतू चाललंय, मी बघते," आणि स्वयंपाकघरात निघून जायची. चुलीवर दूध नसायचं. येणाऱ्या बाईची सुटका व्हायची. आईच्या लक्षात यायचं, माझ्याही यायचं, आणि आम्ही दोघं काहीच बोलायचो नाही.

मग स्वातंत्र्य आलं. संस्थान गेलं, मध्य भारत झाला, दफ्तरांवरचे शिक्के बदलले. ज्या इंग्रजाच्या लढाईत काका गेला तो इंग्रज राहिला नाही, ज्या महाराजांनी पाठवला त्यांचं राज्य राहिलं नाही. काकाचं बेपत्ता असणं तेवढं राहिलं. काकू मुलींच्या शाळेत शिवण शिकवू लागली होती. शाळा आपल्याच लोकांच्या कमिटीची. तात्यासाहेब तिचे सेक्रेटरी, पांढरी टोपी, करड्या मिशा, हातात नेहमी छत्री. ती नोकरी काकूचा जीव होती. पगार आलाच, पण त्याहून मोठं म्हणजे सकाळी नीट घडीचं लुगडं नेसून बाहेर पडायला एक दार होतं, आणि त्या दारात तिला कुणी करंडा घेऊन अडवत नव्हतं. मुली तिला बहनजी म्हणायच्या. बहनजीला सवाष्ण की विधवा हे विचारत नाहीत.

कोरियात लढाई पेटली होती ते दिवस. पुन्हा तो बॉम्ब टाकणार अशा बातम्या यायच्या, आणि तीळ निवडता निवडता बायकासुद्धा त्याबद्दल बोलायच्या. अशा एका संध्याकाळी दुबेजी आमच्या ओट्यापाशी आले. दुबेजी मिलमधले विणकर, लाल झेंड्याच्या युनियनचे पुढारी, अंगावर हाडं आणि एक मफलर. त्यांची बहीण काकूची विद्यार्थिनी. ओट्याची पायरी न चढता म्हणाले, "बहनजी, इतवार को जुलूस है. लड़ाई के खिलाफ. टावर पर जाकर उन लोगों के नाम लिए जाएँगे जो पिछली लड़ाई से नहीं लौटे. मरे हुओं के भी, और जिनका पता नहीं उनके भी. आपके यहाँ से भी एक नाम है."

काकू उंबऱ्यात उभी होती. "बेपत्तांचे पण?" तिनं मराठीतच विचारलं.

"सबके," दुबेजी म्हणाले.

मी आत बसून ऐकत होतो, आणि मला दुसरंच आठवत होतं. दुबेजींना सगळं गाव ओळखत होतं. हेच दुबेजी त्याच टावरखाली उभे राहून म्हणाले होते की आमची वेळ येईल तेव्हा या चौकाच्या पायऱ्या रक्तानं धुऊ. युद्ध नको, पण रक्त हवं. फक्त ते कुणाचं हे त्यांनी ठरवायचं. आणि हे नुसतं बोलण्यापुरतं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मागच्या संपात देवास गेटजवळ राहणाऱ्या एका जॉबरच्या, म्हणजे मिलच्या मुकादमाच्या, घरात त्यांच्या लोकांनी पेटता बोळा फेकला. जॉबर कामावर होता. घरात त्याची म्हातारी आई होती, जानकीबाई. गोधडी विझवताना तिचे दोन्ही हात गेले, म्हणजे राहिले, पण बोटं एकमेकांना चिकटून. पोलिसांनी दोघांना धरलं, पुरावा नाही म्हणून सोडलं. दुबेजी सभेत म्हणाले, लढ्यात असं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू तिळाच्या लाडवांना बसली होती. पाक झालेला, हाताला पाणी लावून भराभर वळायचे, थांबलं की गोळा दगड. ती थांबू शकणार नाही ही वेळ साधून मी म्हटलं, "तू जाणार आहेस?"

"जाणार."

"काकू, हे लोक कोण आहेत माहीत आहे ना तुला?"

"तुझ्यापेक्षा जास्त. जानकीबाईला मी भेटून आलेय. तू गेलास का कधी?"

मी गेलो नव्हतो. म्हटलं, "मग त्यांच्या मोर्चात चालणं म्हणजे त्यांच्या सगळ्या गोष्टींना होकार देणं झालं."

"तुझी आई त्या लाकडाच्या ठेकेदाराकडे हळदीकुंकवाला जाते," काकू लाडू वळत म्हणाली. "तो ठेकेदार काय माणूस आहे, आपल्या सगळ्या फ्रीगंजला ठाऊक. आई जाते तेव्हा त्याच्या धंद्याला कुंकू लावून येते का?"

"आई त्याच्या बायकोकडे जाते. चार बायकांत बसते."

"मग मी कुणाकडे चाललेय? ज्यांची माणसं आली नाहीत त्यांच्याकडेच. मला दुसरं कुणी बोलावलंय का, सांग."

पण मी वादविवाद मंडळात बक्षिसं मिळवलेला मुलगा होतो. म्हटलं, "पण आई येताना वाण घेऊन येते. त्याच ठेकेदाराच्या पैशाचं. वाटी नाहीतर करंडा नाहीतर साबण, आपल्या फडताळात येऊन बसतो तो."

काकूचे हात थांबले. खरंच थांबले, कढईतला गोळा घट्ट होत चाललेला मला दिसत होता. "हे मात्र खरं बोललास अरू," ती म्हणाली. "वाण घरी येतं." मी जिंकलो असं मला वाटलं. मग तिनं उलथण्यानं तो गोळा खरवडायला घेतला आणि अगदी सहज म्हणाली, "बघू, काय देतात हातात. देतील ते सगळंच घ्यायला पाहिजे असं थोडंच आहे."

रविवारी ती गेली. हातात पितळी डबा, त्यात तिळगूळ, कारण संक्रांत आणि रथसप्तमी यांच्यामध्ये रिकाम्या हातानं घराबाहेर पडायचं तिला जमलंच नसतं. मी तिच्याबरोबर नव्हतो आणि घरीही नव्हतो. मी फुटपाथवर होतो. मोर्चा चालेल तसा मीही समांतर चालत होतो, दुकानांच्या पाट्या वाचतोय अशा आविर्भावात. माणसाला आपली जागा आयुष्यात एकदाच इतकी स्पष्ट दिसत असेल.

मिलच्या चाळींकडून लोक येत होते. पुढं लाल झेंडे, मागं कामगार, त्यांच्या मागं बायकांच्या ओळी, डोक्यावर पदर, काहींच्या कडेवर मुलं. एका पोरसवद्या कार्यकर्त्यानं काकूपुढे झेंडा धरला. "नको भाऊ," ती म्हणाली, "माझे हात भरलेत." आणि डबा दाखवला. घोषणा सुरू झाल्या. बॉम्ब बंद करो, याला काकूनं ओठ हलवले. मग कुठल्याशा परदेशी पुढाऱ्याच्या नावाचा जयजयकार सुरू झाला. काकूनं शेजारच्या बाईला विचारलं, "हे कोण?"

"अपने ही लोग हैं, बाई."

"मेरे तो नहीं," काकू म्हणाली आणि तेवढा जयजयकार होईपर्यंत गप्प चालली. मला हसू आलं होतं. ते हसू पुढच्या वळणापर्यंतच टिकलं.

देवास गेटजवळच्या त्या वळणावर एक तांगा आडवा आला आणि मोर्चा अडला. डावीकडे जानकीबाईचा ओटा. म्हातारी रोजच्यासारखी उन्हात बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, जणू ते दुसऱ्या कुणाचे, तिला राखायला दिलेले. समोर झेंडे. तिला ते कुणाचे हे कळत होतं. ती उठून आत गेली नाही.

काकू ओळीतून बाहेर पडली. ओट्यावर जाऊन तिच्याजवळ बसली, डबा उघडला, एक लाडू मोडून तिच्या तोंडात घातला. दुसरा लाडू तिच्या उताण्या तळव्यावर ठेवला. मग वळून हाक मारली. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीला मारावी तशी, न रागावता, पण टाळता येणार नाही अशी.

"दुबेजी, इधर आइए."

ते आले. पुढारी आला म्हणून त्यांच्यामागचे लोकही ओट्याकडे वळले. काकू म्हणाली, "हमारे यहाँ आज के दिनों में तिलगुड़ देते हैं. लीजिए." त्यांनी सवयीनं डब्याकडे हात केला. काकूनं डब्याचं झाकण लावलं. "मेरे हाथ से नहीं. इनके हाथ से."

तांग्याच्या घोड्यानं मान झटकली तेव्हा गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. दुबेजी उभे. म्हातारीचा तळवा पुढं. त्यावर चिकटलेली बोटं, कातडी मेणासारखी, आणि मध्ये तो लाडू. तिला तो धरता येत नव्हता, फक्त तोलता येत होता. दुबेजींना वाकावं लागणार होतं. ते वाकले. लाडू घेतला. खाल्ला नाही, मुठीत धरून उभे राहिले. तिळगूळ देताना आपण जे बोलतो ते काकूही बोलली नाही.

"तुम्हीही चला," काकू म्हातारीला म्हणाली. "लढाई नको म्हणून चाललोय."

जानकीबाई माळवीत म्हणाली, "म्हारा घर में तो बम पेलां ज पड़ी ग्यो, बई. तू जा." तिच्या घरात बॉम्ब आधीच पडून गेला होता.

मला वाटलं, आता काकू घरी येईल. माझ्या वादविवादी डोक्याला हाच शेवट सुचत होता: तिनं त्यांना त्यांचा चेहरा दाखवला, आता ती बाहेर पडणार, स्वच्छ. मी फुटपाथवरून खाली उतरायलाही निघालो होतो, तिला घरी न्यायला. काकूनं पदर सारखा केला, म्हातारीच्या हाताला हात लावला आणि ती पुन्हा ओळीत जाऊन उभी राहिली. त्याच झेंड्यांच्या मागं. तांगा निघाला, मोर्चा हलला, आणि ती चालू लागली.

ते चालणं मला अजून दिसतं. पुढं जाऊन मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली, मंत्री पाहिले, व्यासपीठं पाहिली. डोळे दिपले ते त्या एका पाठीकडे बघून. तिला सगळं माहीत होतं आणि तरी ती चालत होती. ज्याला काही माहीत नाही त्याचं चालणं सोपं असतं, आणि ज्याला माहीत आहे त्यानं घरी बसणंही सोपं. मी त्या दोहोंपलीकडे काही असतं असं धरूनच चाललो नव्हतो.

रूळ ओलांडून मोर्चा फ्रीगंजात आला. टावर चौकात आमचीच सगळी मंडळी जमली होती, बघायला: गच्चीवर बायका, दुकानांच्या पायऱ्यांवर पुरुष. दुबेजींनी भाषण केलं. थोडक्यात केलं, आणि त्या दिवशी पायऱ्या कशानं धुवायच्या ते आलं नाही. मग नावं सुरू झाली. एकेक बाई पुढं यायची. कुणी मुलाचं नाव घेतलं, कुणी भावाचं. एका मुसलमान म्हातारीनं तीन नावं घेतली आणि तिला धरून खाली आणावं लागलं.

काकू पुढं गेली. नवऱ्याचं नाव आमच्यात बायका घेत नाहीत. घेतलंच तर हळदीकुंकवात, उखाण्यात गुंफून, लाजत, बायकांच्या हशात. काकूला कित्येक वर्षांत कुणी नाव घ्यायला सांगितलं नव्हतं. तिनं डबा काखेत धरला, टावरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं, आणि साध्या, शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाली, "केशव."

थोडं थांबली. हजेरीत उत्तर यायला जेवढा वेळ द्यावा तेवढाच. मग म्हणाली, "केशव त्र्यंबक. आले नाहीत."

समोरच्या गच्चीवर ठेकेदाराची बायको उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. मी काकाचं नाव आजीकडून ऐकलं होतं, वडिलांकडून ऐकलं होतं. त्या आवाजात ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो कुणाचा तरी होता. त्या वेळी मला वाटलं, आकाश थोडं वर सरकलं. हे लिहिताना वेडगळ दिसतं, पण दुसरं कसं सांगू.

आता उरलेलं.

पुढच्या आठवड्यात कमिटीची बैठक बसली. युनियननं पत्रक काढून हजारो माताभगिनी लाल झेंड्याखाली आल्या असं छापलं होतं. काकूला न विचारता त्यांनी तिला आपल्यात मोजलं होतं, हे खरं, आणि माझ्या वाणाच्या मुद्द्यात तेवढं तथ्य निघालं. बैठकीआधी तात्यासाहेबांनी मला घरी बोलावलं. कमिटीच्याच मुलांच्या शाळेत माझ्या नेमणुकीचं त्यांच्याच हातात होतं. त्यांनी तो विषय काढला नाही. मला आठवत होता, तेवढं पुरे होतं.

"तू तिथं होतास म्हणे."

"फुटपाथवर होतो."

"त्या चालल्या?"

"हो."

"शेवटपर्यंत? टावरपर्यंत?"

"हो."

तात्यासाहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. आज मला स्पष्ट आठवतं, त्यांनी वाट पाहिली होती. छत्रीची मूठ फिरवत ते माझ्याकडे बघत होते, आणखी काही असेल तर सांग अशा नजरेनं. झेंडा घेतला नाही, जयजयकाराला गप्प राहिली, ओट्यावर त्या माणसाला सगळ्या मोर्चासमोर वाकवलं. सगळं माझ्या जिभेवर होतं; आमच्या मंडळींपैकी ते पाहणारा मी एकटाच, बाकीची टावरपाशी थांबलेली. सांगितलं तर मी किती जवळून बघत होतो तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिलो. ते म्हणाले, "ठीक आहे." मी खोटं एक अक्षर बोललो नाही. म्हणूनच त्याला नाव द्यायला मला इतकी वर्षं लागली.

कमिटीनं काकूला एवढंच म्हणायला सांगितलं, "माझी दिशाभूल झाली." तात्यासाहेब म्हणे अगदी कळवळून सांगत होते, "बाई, एवढं एक वाक्य बोला, विषय संपतो." काकू म्हणाली, "दिशा मला माहीत होती. ते कोण आहेत तेही माहीत होतं." काकूची शाळा सुटली. माझी नेमणूक झाली. युनियनचा माणूस पुन्हा पुढच्या मोर्चाचं सांगायला आला तेव्हा काकूनं त्याला विचारलं, "जानकीबाईंना सांगितलंत?" तो परत आला नाही. एकूण ती कुणाचीच राहिली नाही. मिलच्या गल्लीतल्या मुली शिवण शिकायला घरी येऊ लागल्या, मशीन मागच्या खोलीत आलं. मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला, तोवर मी शाळा सोडून सरकारी कचेरीत लागलो होतो; दफ्तरं भोपाळला गेली, आणि मी त्या दफ्तरांबरोबर निघून गेलो. बदली झाली असं सगळे म्हणाले. मी मागून घेतली होती.

तात्यासाहेबांच्या घरावरून काकू त्यानंतर कधी गेली नाही. बाजाराला लांबून वळसा घालायची. हे मला माहीत होतं, आणि ते मी माझ्याच खाती टाकत होतो, तरी तोंड उघडत नव्हतो.

परवा उघडलं. दुपारची वेळ, ती खिडकीशी बसून काज करत होती. मी भोपाळचा मोर्चा सांगितला, सक्सेनाजींचं बोलणं सांगितलं. ती हसली. "तूही असंच म्हणाला होतास. गोळा वाया घालवलास माझा." मग सुई दाताखाली धरून म्हणाली, "पण तू चांगला वागलास हो अरू. मी सगळ्यांना सांगते. बैठकीआधी तात्यासाहेबांनी बोलावलं तेव्हा तेवढा एक अरू माझ्या बाजूनं बोलला. ओट्यावरचं सगळं तू त्यांना सांगितलंस, म्हणून मी तिथं पुन्हा सांगितलं नाही. आपल्या तोंडानं आपलं काय सांगायचं."

माझ्या पायाखालची फरशी मला आठवते. लाल होती, एका कोपऱ्यात फुटलेली.

मी म्हटलं, "काकू, मी नाही सांगितलं."

"काय?"

"ओट्यावरचं. झेंड्याचं. काहीच. त्यांनी विचारलं चालल्या का, मी हो म्हटलं. ते थांबले होते. मी पुढं बोललोच नाही."

तिनं सुई दाताखालून काढली आणि कापडात खोवून ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर पोरांचा विटीवरून वाद चालला होता, आउट आहे की नाही. मी शिक्षेची वाट बघत होतो, आणि खरं सांगायचं तर माफीचीही.

"म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"तात्यासाहेबांना?"

"नव्हतं, काकू."

"आणि मी इतकी वर्षं धरून बसले," ती सावकाश म्हणाली, "की सगळं ऐकूनसुद्धा त्यांनी मला काढलं. जानकीबाईचे हात ऐकूनसुद्धा. असली माणसं म्हणून मी त्यांच्या दारावरून गेले नाही. त्यांची बायको गेली तेव्हासुद्धा गेले नाही. सगळ्या कमिटीला मी एकाच पोत्यात घातलं." तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "ते तेवढे वाईट नव्हते की रे."

माझ्याबद्दल एक शब्द नाही. मी तिच्या डोळ्यांसमोर होतो आणि तिला त्या घटकेला माझं काहीच नव्हतं; कुणावर तरी अन्याय झाला होता आणि तो आपल्या हातून झाला होता, एवढंच तिला दिसत होतं. टावर चौकात त्या पाठीकडे बघताना वाटलं होतं, तेच पुन्हा वाटलं, की ह्या बाईच्या मापाचं माप माझ्यापाशी नाही.

ती उठली. खुंटीवरची शाल घेतली. "आहेत ना अजून ते?"

"आहेत. अंथरुणावर आहेत म्हणतात."

"ऐकू येतं?"

"येत असेल."

"मग चल," काकू चपला शोधत म्हणाली. "मी बसेन नुसती. बोलायचं तुला आहे."

मी उभा राहिलो. तात्यासाहेबांचं घर आमच्यापासून अगदी जवळ आहे. आम्ही सरळ रस्त्यानं गेलो. त्यांच्या नातसुनेनं दार उघडलं, काकूला ओळखून बाजूला झाली. आत खाटेवर एक वाळकं शरीर भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. काकू स्टुलावर बसली आणि मला खाटेच्या कडेशी बसायची खूण केली. म्हातारा वळला. डोळ्यांत मोतीबिंदू, पण बघणं तेच, वाट पाहणारं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. मग म्हणालो, "तात्यासाहेब, तेव्हा तुम्ही थांबला होतात. पुढचं सांगतो."